पायांवरचं गोडं पाणी

डोंबिवलीकर प्रवासाला निघाला, तर निदान माथेरानला तरी जातो. मी निघाले खाडीपलीकडे. आमच्या गच्चीवरून ते गाव दिसायचं. तिवरांची (खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची) हिरवी पट्टी, त्यावर चार-दोन कौलं आणि संध्याकाळचा धूर. रविवारी सकाळी टीव्हीवरच्या मालिकेपायी रस्ते ओस पडायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट. म्हणजे मी केवढा त्याग केला होता, हे लक्षात घ्या.

कारणही तसंच होतं. आमच्या महिला मंडळाने त्या कोळ्यांच्या गावातल्या काही मुलींच्या शिक्षणाचा भार आपसांत वाटून घेतला होता. माझ्या वाट्याला हिरा आली. दर जूनला मी तिचे गणवेश, वह्या, दप्तर पाठवायची आणि हळदीकुंकवाला आलेल्या एकाही बाईला 'माझी हिरा' ऐकवल्याशिवाय सोडायची नाही. अशात निरोप आला की सातवी झाली की हिराची शाळा बंद. गावातली शाळा तेवढीच. पुढे शिकायचं तर डोंबिवलीला यायला हवं, आणि आई नाही म्हणते. मी तडक एक भाषण तयार केलं. "भाषण झालं, छत्री घेतलीस. पोहायचं काय?" एवढंच आमचे हे म्हणाले.

रेतीबंदरावरून होडी सुटली तेव्हा ओहोटी लागलेली होती. होडीवाला म्हणजे हिराचे वडील, मोजकं बोलणारा माणूस. पलीकडे पोचता पोचता पाणी इतकं हटलं की होडी काठापासून चांगलीच अलीकडे रुतली. आता उतरा, म्हणाले. मी उतरले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. डावी चप्पल खाडीने ठेवून घेतली. काठावर अख्खं गाव जमलं होतं, आणि मालिका चुकल्याची भरपाई त्यांना माझ्याकडून पुरेपूर मिळाली.

हिराच्या घराच्या ओसरीवर एक पिंप होतं आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या फडक्याने झाकलेली कळशी. पिंपातलं पाणी गढूळ, खारट वासाचं. हिराची आई पार्वताबाई आत पाट शोधत होती. मी आपली स्वच्छतेची भोक्ती. फडकं काढलं आणि तांब्यावर तांब्या ओतून पाय घासून घासून धुतले, उरलेली चप्पलसुद्धा. मागून हिरा टॉवेल घेऊन आली. तिने कळशीत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहून हसली आणि टॉवेल पुढे केला. मला वाटलं, किती गुणी पोर.

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणाऱ्या बोटभर माशांचं) कालवण. सुरमईची आशा धरून आलेल्या मला आधी जरा धक्काच बसला, पण पहिल्या घासानंतर मी मागून घेऊन खाल्लं. कालवण झणझणीत होतं, म्हणून पाणी मागितलं. वाटीभर आलं. आणखी मागितलं तर पार्वताबाई घुटमळल्या. ओट्यावर बसून जाळं विणणाऱ्या हिराच्या आजीला मात्र राहवलं नाही. "सकालचं पानी तुमच्या पायांवर गेलं, बाय," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चारी बाजूंनी पाणी असलेल्या त्या गावात पिण्याचा एक थेंब नव्हता. गोडं पाणी यायचं आमच्याच काठावरच्या विहिरीवरून, होडीने, भरतीच्या तालावर. तिथली रांग, पोहरा, परतीची वाट, यात सकाळ जायची. पाय धुवायला पिंपातलं खाडीचं पाणी असतं, हे गावातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक. पाहुण्याला कोणी अडवत नाही, एवढंच माझं नशीब.

मी हिराला हाक मारली. ती नव्हती. भरती चढताच ती वडिलांबरोबर कळशी घेऊन दुसऱ्यांदा पाण्याला गेली होती. परवापासून तिची वार्षिक परीक्षा होती.

तरी मी भाषण केलंच. पाठ केलेलं वाया कसं घालवायचं? मुलगी शिकली तर घर शिकतं, वगैरे. पार्वताबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "शिकू दे ना बाय. कोन नाय बोलतंय? पन मी मासे इकायला जाते, हा होडीवर. पानी कोन आननार?"

गणवेश, वह्या, दप्तर, माझं भाषण, यातलं काहीच त्यावर उपयोगाचं नव्हतं. मला फार लाज वाटली. हिरा परत आली, कळशी उतरवली आणि पहिला तांब्या मलाच दिला. इतकं गोड पाणी मी कधी प्यायले नव्हते.

त्याच होडीने, उसनी चप्पल घालून मी परतले. दुसऱ्या दिवशी पहाटे घरचा नळ उघडला, तो वाहताना नुसती बघत राहिले. पहाटे तासभरच पाणी येतं म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरीशी वर्षभर भांडत होते. आमची इमारत बंदराच्या रस्त्यावरच. मग पार्वताबाईंना निरोप धाडला.

जूनपासून हिरा रोज आईबरोबर पहिल्या होडीने येऊ लागली. दोन रिकामे कॅन आमच्या दारात ठेवायची, कालचे भरलेले जिन्याखाली तयार असायचे, आणि आठवीच्या वर्गात जायची. संध्याकाळी मासे विकून पार्वताबाई ते घेऊन जात. पहाटे उठून मी आधी तिचे कॅन भरायची, मग आमची पिंपं. "आपण पोरगी दत्तक घेतली की कॅन?" हे विचारायचे, आणि कॅन खाली नेऊन ठेवायचे.

पुढल्या उन्हाळ्यात जलवाहिनी फुटली. आमचे नळ कोरडे पडले आणि मी ओशाळत हिराला रिकामे कॅन परत दिले. दुसऱ्या दिवशी दारात ती उभी, एक कॅन दोन्ही हातांनी धरून. ओझ्याने वाकली होती. मी घाईने हात लावला, तर कॅन भरलेला.

"आजीनं दिलंय," ती म्हणाली. "बोलली, बाईंना पाय धुवायला लागतात."

मी त्या दिवशी पाय धुतले नाहीत. पाणी मोठ्या पातेल्यात ओतलं आणि वर पांढरं फडकं झाकलं.