बद्द आवाज

माझा मामा हातोडीने खांब वाजवून पाहायचा. तोच त्याचा धंदा होता. उमेदीची वीस वर्षं त्याने नव्या इमारतींच्या सळया वाकवल्या, तारेने बांधल्या. पुढे पाठ बोलायला लागली, तेव्हा तो जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामाला लागला. खांबावर एक टोला घालायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. आवाज खणखणीत आला तर पुढे, बद्द आला तर खडूने गोल. आतली सळई गंजली की फुगते, काँक्रीटला आतून ढकलते आणि तिथे पोकळी धरते. कामावरचे लोक त्याला डॉक्टर म्हणत. "माझे पेशंट बरे, कुरकुरत नाहीत," असं तो म्हणायचा.

आमच्या इमारतीत मात्र त्याने हातोडी कधी आणली नव्हती. खाडीलगतची चार मजली इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. ती बांधली तेव्हा बावीस वर्षांचा मामा तिथेच सळया बांधत होता. "माझ्या हातची इमारत आहे ताई, डोळे झाकून घर घे," असं त्यानेच आईला सांगितलं होतं. आईने घेतलं.

बत्तीस वर्षांत खालच्या खांबांना उभ्या चिरा गेल्या, त्यांतून तांबूस ओघळ आले. सोसायटीची कमिटी दर दोन वर्षांनी चिरांत लांबी भरून वरून रंग द्यायची. इमारत दुखणं अंगावर काढत होती.

एका रविवारी मामा जेवायला आला, पण वर येईना. मी खाली गेले. गाड्या लावायच्या जागेत तो हातात काँक्रीटचा तळहाताएवढा ढलपा घेऊन उभा होता. ढलप्याच्या आतल्या बाजूला सळईची तांबडी खाच उमटली होती.

"तुझ्या पर्समध्ये खडू असेल ना?" तो म्हणाला. मी शाळेत शिकवते. त्याने वॉचमनकडून हातोडी मागून घेतली. बारा खांब वाजवले. सातांवर गोल काढले.

जिन्यात सगळे जमले. सेक्रेटरी हसून म्हणाले, "इतकी वर्षं उभी आहे ना? तुम्हाला काम हवंय, असं सरळ सांगा की."

मामाने हातोडी पायरीवर ठेवली. "हे खांब मीच बांधलेत साहेब. सळईवर दीड इंच तरी काँक्रीटचं पांघरूण लागतं. त्यासाठी सळई आणि साच्याच्या फळीमधे ठोकळे लावतात. ते संपले होते. ठेकेदार म्हणाला, तसंच चालू दे. मी चालू दिलं. आणि नळाला पाणी नव्हतं, तेव्हा खाडीचं खारं पाणी काँक्रीटच्या मालात गेलं. तेही मी बघितलं."

आई म्हणाली, "आणि मला इथे राहायला आणलंस?"

"खारं पाणी लोखंडाला खातं हे तेव्हा कळत नव्हतं, ताई. दुरुस्तीच्या कामावर आल्यावर कळलं."

"त्याला बारा वर्षं झाली."

मामा हळूच म्हणाला, "भीती वाटायची. वाजवला आणि बद्द निघाला तर?"

दुपारीच त्याने दोन सोबत्यांना घेऊन लोखंडी टेकू आणून लावले. दुसऱ्या दिवशी आलेल्या इंजिनिअर बाईंनी एक खांब फोडायला लावला. बोटाएवढी सळई पेन्सिलीच्या शिशाएवढी उरली होती. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "लोक कधी बाहेर काढताय?"

आठवड्याभरात इमारत रिकामी झाली. आम्ही मामाच्याच दोन खोल्यांत राहायला गेलो. दुसरीकडे जाणार कुठे? आई त्याच्याशी अवाक्षर बोलत नव्हती. तो समोर बसलेला असताना ती मामीला सांगायची, "त्याला म्हणावं, चहा झालाय." मामी बिचारी निरोप द्यायची, आणि मामा मान हलवायचा.

दुरुस्तीला सात महिने लागले. मामा रोज त्या कामावर होता. एकदा आई बघायला गेली. पालथ्या घमेल्यावर बसून तो तारेच्या ब्रशने सळईचा गंज घासत होता. कोपरापर्यंत हात तांबडे झाले होते. आई बराच वेळ उभी राहिली. "उठ आता," ती म्हणाली. "पाठ धरेल."

तो उठला नाही. "एवढी झाली की उठतो," म्हणाला.

आम्ही परत राहायला गेलो, त्यानंतर मामाने आठवून आठवून एक यादी केली. त्याच ठेकेदाराच्या, मामाने सळया बांधलेल्या अकरा इमारती. सुट्टीच्या दिवशी तो एकेका ठिकाणी जाऊन तेच सगळं सांगू लागला. पहिल्या दोन ठिकाणी त्याला फाटकातूनच हाकललं. तिसऱ्या वेळी आई चप्पल घालून त्याच्याबरोबर निघाली. आईला फाटकाबाहेर ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्या दोघांचं म्हणणं सहा ठिकाणी ऐकून घेतलं गेलं, आणि त्यांतल्या दोन इमारती पाडाव्या लागल्या.

आईने त्याला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. पण दर सुट्टीला सकाळी ती त्याला फोन करायची, "आवरलं का? आज कुठली?"