थरथरत्या हातांसाठी लेन्स

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. गावी, रनाळ्याच्या घरी सगळी भाऊबंदकी गोळा होते, सुरतेला गेलेलेही येतात. नारळाला डोळे लावायचे, नथ बांधायची, ओढणी नेसवायची, दागिने घालायचे आणि चौरंगावर बसवायची. हे सगळं गेली कित्येक वर्षं माझी चुलत सासू करते. तिला सगळे जिजी म्हणतात. काय कशानंतर, कुठला दोरा कुठून न्यायचा, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. आम्ही बाकीच्या बायका नैवेद्याचे रोट भाजत असतो.

दोन वर्षांपूर्वी विसर्जन करून आल्यावर तिनं मला अंगणात थांबवलं.

"मन्हा हात आते ऐकतस नही. आजून येक साल मी मांडसू. मंग तू मांडजो."

"मला येत नाही, जिजी."

"मंग शीक."

मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगाची कृती पायरी पायरीनं लिहून घ्यायची सवय आहे. पण जिजीला विचारून काही लिहिता येत नाही, कारण सांगायला लागली की ती स्वतःच अडखळते. हात कामाला लागले की तिला बरोबर आठवतं. त्या वर्षी मी फोनवर व्हिडिओ काढला होता. घरी येऊन पाहिला, तर जिजीच्या बोटांच्या जागी पिवळट धूर. मग माझ्या लहान मिररलेस कॅमेऱ्यावर काढलेले फोटो पाहिले. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सनं तेच केलं होतं. शिवाय एकदा चुकून फ्लॅश उडाला होता आणि जिजी ओरडली होती, "वीज पाडी का आंगवर?"

अडचण खोलीची होती. कानबाई चौरंगावर बसेपर्यंत त्या खोलीत विजेचा दिवा लावायचा नाही, ही आमच्या घरातली रीत. दाराला पडदा, आत दोन समया. खोली आठ फूट बाय नऊ फूट, त्यातली एक बाजू धान्याच्या कोठ्यांनी अडवलेली. कोठीला पाठ टेकून बसलं की चौरंग जेमतेम चार फुटांवर येतो. रीत बदलायची नाही, खोली मोठी होणार नाही, जिजी हळू काम करणार नाही. बदलता येण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे लेन्स. आणि हाताशी एकच श्रावण होता.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर म्हणाले, "झूम नसलेली घ्या मॅडम. अंधारात तिच्यासारखी नाही." ते खरं होतं. पण तशा लेन्सनं जवळचं-लांबचं करायला स्वतः उठून पुढे-मागे व्हावं लागतं आणि मागे कोठी होती. मला एका क्षणी पूर्ण चौरंग हवा होता आणि पुढच्या क्षणी फक्त नथीची गाठ. म्हणजे साधी झूम, पण तोंडानं मोठी. भरपूर उजेड आत घेणारी, आणि तो झूम करतानाही कमी न करणारी.

मे महिन्यात सुरत गाठली. नणंद तिथेच राहते, तिला दुकानात बरोबर नेलं. दुकानदारानं पहिल्यांदा काढली ती लांब पल्ल्याची. एकाच लेन्समध्ये समोरच्या माणसापासून झाडावरच्या पोपटापर्यंत सगळं.

"बेन, ये ले लो. इसमें स्टॅबिलायझर है. हाथ हिलेगा तो भी फोटो नहीं हिलेगा."

"मेरा हाथ नहीं हिलता," मी म्हणाले. "जिनका फोटो लेना है, उनका हिलता है."

त्यानं लेन्स खाली ठेवली. बहुतेक गिऱ्हाइकांना हा फरक सांगावा लागत असणार. धरणाऱ्याचा हात हलत असेल तर लेन्समधली यंत्रणा सांभाळून घेते. समोरचा हात हलत असेल तर तिचा काही उपयोग नाही. तिथे फोटोच पटकन उरकावा लागतो आणि त्यासाठी उजेड लागतो.

मी त्याला म्हटलं, तुमच्या दुकानात अंधारी जागा दाखवा. मागे खोक्यांची खोली होती. तिथला दिवा बंद करायला लावला आणि दार बोटभर उघडं ठेवलं. पिशवीतून नारळ काढून नणंदेच्या हातात दिला, सोबत एक नथही.

"वहिनी, इथं?"

"नथ धर त्याच्यावर. आणि हात हलव."

"किती हलवू?"

"जिजीचा हलतो तेवढा."

"अगं बाई," ती म्हणाली, "जिजीला कळलं ना, तर आपल्या दोघींना रोट मिळायचा नाही." पण हात मात्र तिनं बरोबर हलवला. दुकानातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली होती. त्यांना काय वाटायचं ते वाटो.

तीन लेन्स लावून पाहिल्या. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये बोटं फिसकटलेलीच आली. दुसरी फार सुंदर, चित्र असं की नारळाच्या शेंडीचे धागे मोजून घ्यावेत. पण ती माझ्या लहान कॅमेऱ्यापेक्षा जड होती. लावली की कॅमेरा नाकावर पडायला बघायचा, दोन्ही हात त्यातच अडकायचे. तिसरी आखूड, मुठीत मावणारी. उजेड दुसरीइतकाच घेत होती. पल्ला थोडा कमी, पण शिंपीकामाची टेप लावून पाहिलं, तर वीतभर अंतरावरूनही नथीवर नेमका फोकस धरत होती. फोटोंच्या कोपऱ्यांत चित्र किंचित मऊ पडत होतं. कोपऱ्यात नुसत्या भिंती येणार होत्या, त्यांच्याकडे कोण बघणार?

"बडी वाली प्रोफेशनल है, बेन," दुकानदारानं शेवटचा प्रयत्न केला.

"मी नाही ना," मी म्हणाले. त्याला मराठी कळलं.

मधले दोन महिने मी सुट्टीच्या दिवशी देवघराची खिडकी झाकून, समई लावून नारळाचे फोटो काढत होते. नवरा एकदा डोकावून म्हणाला, "तो नारळ चटणीला तरी दे आता." दिला नाही.

कानबाईचा रविवार आला. दुपारी अंघोळ करून, कॅमेरा घेऊन खोलीत गेले, तर जिजीनं उंबऱ्यावरच अडवलं. तिचं बोट कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर होतं.

"हाई चामडं शे ना?"

होतं. लेन्स तोलून-मापून घेतली आणि चामड्याचा पट्टा माझ्या नजरेतूनच सुटला होता. मी पट्टा काढून बाहेर टाकला, ट्रंकेतून नवी कोरी परकराची नाडी काढली आणि कॅमेऱ्याला बांधून गळ्यात घातली. जिजीनं नाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकली.

पहिली काही मिनिटं ठीक गेली. मेणानं डोळे लागले. मग नथीचा दोरा हातात घेताना जिजी म्हणाली, "नारय धर. हालू देऊ नको."

नेमक्या याच पायरीसाठी मी हा सगळा खटाटोप केला होता, आणि माझेच हात मागितले होते. दुसऱ्या कुणाला हाक मारायला वेळ नव्हता. डाव्या हातानं नारळ धरला, उजव्यानं कॅमेरा उचलला आणि जिजीच्या मनगटाशेजारी नेला. जड लेन्स असती तर एका हाताला झेपली नसती. दोरा मागून गेला, पुढे आला, गाठ बसली. मी बटण दाबतच राहिले.

"तुन्हं ध्यान कोठे शे?"

"तुमच्या हातावर, जिजी."

मंगळवारी पाहुणे पांगल्यावर फोटो टॅबवर घालून तिच्यासमोर बसले. अंगणात उजेड होता. नथीच्या गाठीचा फोटो मी बोटांनी मोठा केला. कातडीवरच्या सुरकुत्या, दोऱ्याचा पीळ, सगळं स्वच्छ. तिनं चष्मा वर-खाली केला.

"हाई गाठ चुकनी," ती म्हणाली.

"तुमचीच आहे."

"मन्ही शे म्हनीसन काय झायं? चुकनी ती चुकनी. दोरा खालतून जायला पाहिजे व्हता." तिनं फोटोतल्या दोऱ्याकडे बोट केलं. "म्हनीसनच गये साल नथ सटकनी. मी म्हनू, दोरा खराब शे."

आदल्या वर्षी मिरवणुकीत नथ निसटली होती. सगळ्यांनी दोऱ्याला दोष दिला होता. हात थरथरायला लागल्यावर ती नकळत सोपी गाठ घालू लागली होती आणि तिला ते दिसत नव्हतं. मी चुकीची गाठ लक्ष देऊन शिकले असते आणि पुढे पन्नास वर्षं घरात तीच चालली असती.

"मग बरोबर कशी?"

तिनं दोरा घेतला, दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा बोटांनी दगा दिला. तिनं दोरा माझ्याकडे टाकला.

"बांध आते. मी सांगस."

आतून नथ आणि स्वयंपाकघरातून नारळ आणला. पहिली गाठ तिनं ओढून सोडली. दुसरीही. तिसरीला म्हणाली, शाळेत पोरांना हेच शिकवतेस का? चौथ्यांदा दोरा खालून घेतला, पीळ देऊन वर काढला आणि घट्ट केला. जिजीनं नथ पकडून ओढली. मग नथीला धरूनच नारळ लोंबकळत उचलला. गाठ हलली नाही.

"आते याना फोटो काढ," ती म्हणाली, आणि रोटाचा उरलेला तुकडा आणायला आत गेली.