शपथेविना

भोंगेआबांचे दोन आवाज होते. मायकापुढे ते रेडिओवर बातम्या दिल्यासारखे बोलत, "सर्व पाहुणेमंडळींना नम्र विनंती आहे की..." आणि बटण बंद केलं की लगेच, "काऊन बे, वायरवर पाय देऊन राह्यला?" लोणारजवळच्या आमच्या गावात लग्न असो की झेंडावंदन, भोंगे त्यांचेच. खरं नाव मला कोर्टात पुकारलं तेव्हा कळलं.

मला मायकापुढे त्यांनीच उभं केलं. मी पहिलीत होते, झेंडावंदनाला कविता म्हणायची होती आणि तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी मायकाची दांडी माझ्या उंचीला खाली ओढली. "भेऊ नको वं. खरं बोलणाराले मायक काही करत नाही. खोटं बोललं का आवाज फाटते." मग समोर जाऊन बसले आणि तळहात तोंडाजवळ नेऊन खूण केली. जवळ ये, मोठ्यानं.

त्याच वर्षी आमची कापून रचलेली सोयाबीनची सुडी जळाली. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून बाबांचं आणि आबांचं भांडण होतं, म्हणून बाबांनी त्यांचंच नाव घेतलं. पाहिलं कुणीच नव्हतं. मी घरी पाढे म्हणत बसले होते. "आबानं काडी लावली, तू पाह्यलं, असं म्हण," बाबा म्हणाले. पाढ्यांबरोबर तेही रोज म्हणवून घेतलं.

तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "खरं बोलावं, हे कळतं ना?" मी "हो" म्हणाले. "आणि शपथ म्हणजे काय, माहीत आहे?" चांगलं माहीत होतं. खोटी शपथ घेतली की आई मरते, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी म्हणाले, "नाही." मग शपथ न देताच माझी साक्ष घेतली. आवाज इतका बारीक, की वकील ओरडले, "मोठ्यानं बोल!" मी वर पाहिलं. आरोपीच्या पिंजऱ्यात आबांचा तळहात तोंडाजवळ गेला होता. निव्वळ सवयीनं. मी मोठ्यानं म्हणाले, "आबांनी काडी लावली."

दोन वर्षांची शिक्षा लागली. आबा जामिनावर आले, बुलढाण्याला अपील केलं, ते पाच वर्षं चाललं. तोवर लग्नांना भोंगे लोणारहून येऊ लागले. शेवटी वरच्या कोर्टानं त्यांना सोडलं. एका सहा वर्षांच्या मुलीची शपथेविना साक्ष, तीही पढवल्यासारखी, दुसरा पुरावा नाही. गाव म्हणालं, "सुटला बा कागदावर." भोंगे काही परत कुणी बोलावले नाहीत.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिलीच. पेढे घेऊन आबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते खोकत हसले. "सतराचा पाढा येणाऱ्या पोरीले शपथ माहीत नाही? मले तवाच समजलं होतं वं." मग पेढा हातातच धरून म्हणाले, "मले सांगून काय उपयोग? गावाले ऐकू येऊ दे एकडाव."

मी हो म्हणाले.

त्यांच्या तेरवीलाही मायक लोणारहूनच आला. शिकलेली म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलं. पुढच्याच सतरंजीवर बाबा बसले होते, मान खाली घालून. मी म्हणाले, आबा फार मायाळू होते, सगळ्यांच्या कार्याला धावून जात. एवढंच बोलले आणि खाली बसले. शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं, असं नंतर सगळे म्हणाले.

आवाज जरासुद्धा फाटला नाही.