कोबेच्या काचेतल्या मुंडावळ्या

सुनेचा, मृणालचा, शनिवार मोकळा होता आणि माझे तर सगळेच वार मोकळे, म्हणून आम्ही कोबेला निघालो. मी बोलते, मृणाल लिहिते. जिथे शहाणपण जास्त दिसेल ते तिचं समजा.

फुनाबोरीच्या आमच्या घरून तोक्यो स्टेशन, तिथून शिंकानसेन, ती वाऱ्यासारखी पळणारी गाडी. तिकीट महाग, दोघींच्या जाण्यायेण्यात गावाकडे एक बारसं झालं असतं. खायचा डबा स्टेशनवरच घ्या, पण आत मासा नाही ना ते विचारून. मला खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा चालला. फुजीच्या बाजूला सगळे माना वळवून बसले होते, डोंगर काही दर्शन देईना.

कोबेला आम्हाला बोलावलं होतं मृणालच्या हापिसातल्या निको-साननी. त्यांच्या आईचे वडील ग्रीक, बोटीवरून उतरले ते इथलेच झाले. अशा चार-सहा घरांनी आपापल्या जुन्या वस्तू देऊन चढावरच्या एका इमारतीत खोली मांडलीय. शनिवारी उघडी असते, तिकीट नाही. गुडघे दुखत असतील तर स्टेशनवरून टॅक्सी करा.

पाट्या मला वाचता येत नाहीत, म्हणून मी वस्तूच बघितल्या. कॉफीचं लांब दांड्याचं तांब्याचं भांडं, भरतकामाचे अभ्रे, बोटीवरचा कंदील. आणि काचेत पांढऱ्या मेणफुलांची दोन कडी, एका रिबिनीने जोडलेली. म्हटलं, या तर मुंडावळ्या!

खुर्चीवरची म्हातारी हसली. त्या निको-सानच्या आई, एलेनी-सान. त्यांनी जपानीत सांगितलं, मृणालने मराठीत. ही कडी लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर घालतात, जन्मभर घरात जपतात आणि शेवटी माणसाबरोबर मातीत देतात. नवरा गेला तेव्हा त्यांना रिबीन कापवेना. दोन्ही आपल्याबरोबर जातील, म्हणून ठेवून दिली. पुढे त्यांना वृद्धाश्रमात हलवताना मुलाने घर आवरलं आणि कडी इथे आणून मांडली. आता दर शनिवारी त्या ती परत मागायला येतात.

मी निको-सानना म्हटलं, आईच्या डोक्यावरचं आईला द्या की, तुम्हाला का घालायचंय? मृणालने ते जपानीत पार गुळगुळीत करून सांगितलं.

ते म्हणाले, "आईचं आधी ठेवलं, म्हणून बाकीच्यांनी दिलं. तेच काढलं तर उद्या नुसत्या काचा उरतील."

खोटं नव्हतं ते. मी म्हटलं, "मग आत्ता राहू दे. त्या जातील तेव्हा तरी द्याल ना?"

त्यांनी मान तिरकी केली, दातांतून श्वास आत ओढला. आपल्याकडे मान अशी कलली की होकार. मी एलेनी-सानचा हात धरून सांगितलं, झालं तुमचं काम. त्यांनी माझा हात थोपटला, हसल्या.

परतीच्या गाडीत मृणाल म्हणाली, "आई, ते नाही म्हणाले."

"कधी?"

"मान वाकडी केली ना, तेव्हा."

"मग त्या हसल्या कशाला?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."



थंडीत एलेनी-सान गेल्या. निको-सान रजेवरून परत आल्यावर मृणालने धीर करून विचारलं. कडी काचेतच आहेत. पाटीवर आता आईचं नाव घातलंय, आणि बघायला येणारे तिथेच जास्त वेळ थांबतात म्हणे.

तुम्ही कोबेला गेलात तर ती खोली जरूर बघा. फार निगुतीने ठेवलीय, धुळीचा कण नाही. त्या मुंडावळ्या मात्र एव्हाना मातीत असायला हव्या होत्या.