वाकलेलं कोपर

आमच्या कॉलनीच्या कट्ट्यावर संध्याकाळी पाच-सहा रिटायर माणसं बसतात. परवा त्यांच्यात वाद निघाला, क्रिकेट अवघड का बेसबॉल. एकाचा जावई अमेरिकेत असतो, त्याच्याकडं जाऊन हे गृहस्थ एक मॅच बघून आलेले. त्यांचं म्हणणं, खरी ताकद बेसबॉलला लागते, क्रिकेट म्हणजे दिवसभर उन्हात उभं राहायचं आणि मधे चहा प्यायचा. दुसरे लगेच उसळले, की टप्पा पडून वळणारा चेंडू खेळून दाखवा म्हणावं त्यांना. अर्धा तास भांडले. दोघांपैकी एकानं जन्मात हातात चेंडू धरला असेल तर शपथ. असं कुणी बोलायला लागलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी म्हणालो, "गप बसा राव. मी दोन्ही खेळलोय."

सगळे हसले. नागापूरच्या कारखान्यातला फिटर आणि म्हणे बेसबॉल! मग मी हात पुढं केले. डाव्या हाताचं पहिलं बोट मधल्या पेरापाशी वाकडं, ते क्रिकेटनं मोडलेलं. उजव्या हाताची करंगळी बाहेर वळलेली, ती बेसबॉलनं. ते बघून त्यांना पटलं, पण बाकीचं मी त्यांना सांगितलं नाही. ते इथं सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ होता. तिसगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं आणि सगळं गाव त्याच्यावर होतं. दिवसभर माती खणायची, पाट्या टाकायच्या, खडी फोडायची. दुपारी सुकडी मिळायची. घरी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापतानाच चिरायची, आई शिव्या घालत घालत थापायची. तरी आमचं बरं होतं. अकरा एकर होतं, पडीक का होईना, विहिरीत दिवसाला दोन हंडे झिरपायचे. माझ्या जोडीदाराच्या घरी तेही नव्हतं. त्याचं घर बौद्धवाड्यात. आई, लग्नाच्या दोन बहिणी, आणि हा एकटा मिळवता. काम बंद पडलं की चूल बंद.

जोडीदार म्हणजे आमच्या टीमचा मुख्य बॉलर. मी विकेटकीपर. दोघंही विशीतले. त्याचा हात घडला होता गोफणीवर. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला लोक त्यालाच बोलवायचे, आमच्या रानातही माळ्यावर उभा असायचा. दोन शेतं पलीकडचा पोपट उठवायचा पठ्ठ्या. त्यामुळं खांदा असा मोकळा, की चेंडू टाकताना हात कानाला घासून सरळ यायचा. फार वेग नव्हता, पण टप्पा म्हणाल तिथं.

दिवसभर खडी फोडून संध्याकाळी क्रिकेट कसे खेळत होता, असं लोक विचारतात. काय करणार? घरी जाऊन बघायचं काय होतं? गावचं जुनं तळं कोरडं ठणठणीत पडलं होतं. तळाचा गाळ वाळून इतका कडक झाला होता की पुण्यातही तसं पिच नसेल. जिथं आम्ही पोहायला शिकलो तिथं आम्ही स्टंप ठोकले. अंपायर एकच असायचा. दुसरा, लेग अंपायर म्हणून, जो बाद होऊन आलेला असेल तो बाभळीखाली बिडी ओढत बसायचा, रनआउटपुरता. बॉलरचा हात सरळ येतो का कोपरात वाकतो, हे त्यानं बघायचं असतं, हे आमच्या गावात कुणाच्या गावीही नव्हतं. मला मात्र माहीत होतं. मी पाथर्डीला हायस्कूलला होतो, तिथं पीटीच्या सरांनी एका पोराला सगळ्यांसमोर झापलं होतं, की कोपर वाकवून टाकशील तर नो-बॉल, ती फेकी.

त्या हिवाळ्यात बोअरची गाडी आली आणि तिच्याबरोबर एक अमेरिकन साहेब. साडेसहा फूट उंच, लालबुंद, मराठी मजुरांकडून शिकलेला. सरपंचालाही "ए, तू इकडं ये" म्हणायचा, आणि सरपंच जायचे. एका संध्याकाळी तो तळ्याच्या काठावर येऊन आमचा खेळ बघत बसला. जोडीदारानं सीमेवरून चेंडू फेकला तो थेट माझ्या हातात, टप्पा नाही. साहेब उठलाच. जीपमधून एक पांढरा चेंडू आणि चामड्याचा पंजा घेऊन आला. पंजा केवढा, तर त्यात शेरभर ज्वारी बसली असती.

तेव्हापासून आम्ही दोन्ही खेळलो, रोज थोडा वेळ. म्हणून मला बोलायचा हक्क आहे. क्रिकेटमधे बॉलर पळत येतो, पळण्यातला जोर चेंडूत घालतो, आणि चेंडू जमिनीवर आपटतो. निम्मं काम जमीन करते. बेसबॉलचा बॉलर जागेवर उभा. साहेबानं त्याला मातीच्या ढिगावर उभं केलं, ढिगांना तिथं काय तोटा! एक पाय छातीपर्यंत उचलायचा, कंबर फिरवायची, आणि मागं राहिलेला हात कोपरात मुडपून आसुडासारखा सोडायचा. टप्पा नाही, सरळ अंगावर. सगळा भार कोपरावर आणि खांद्यावर. साहेब म्हणाला, त्यांच्याकडं एकदा बॉलिंग केली की त्या माणसाला चार दिवस विश्रांती देतात. जोडीदार खदखदून हसला. "चार दिस? आन् मुकादम काय मला बसून पगार देनार हाय व्हय?"

कीपरचं म्हणाल तर बेसबॉलमधे गुडघ्यांचा जीव जातो. प्रत्येक चेंडूला उकिडवं बसायचं, तोंडासमोर दांडकं फिरत असतं, आणि चेंडू दांडक्याला चाटून कुठं वळेल त्याचा नेम नाही. माझी करंगळी तशीच गेली. पण पंज्यातला हात सुखी. आमच्या क्रिकेटचे ग्लोव्हज फाटके, त्यांतला कापूस निघून आईच्या वातींत गेलेला. साहेबानं एकदा आमची बॅट धरली. पहिला चेंडू टप्पा पडून त्याच्या नाकासमोरून गेला तसा तो ओरडला, "हे चूक आहे! जमीन पण खेळते!" आणि त्यानं बॉलिंग करायची ठरवली तर सरळ हातानं चेंडू गेला आभाळात. आम्ही हसून हसून लोळलो. त्या वर्षात एवढं हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मग माझ्या मामानं निरोप आणला. मामा नागापूरला एमआयडीसीतल्या एका नव्या कारखान्यात वॉचमन होता. तिथल्या साहेबांना क्रिकेटचं वेड. त्यांना कारखान्याची टीम करायची होती आणि त्यासाठी शिमग्याच्या सुमाराला एक मॅच ठेवून, त्यातून दोन पोरं हेल्पर म्हणून घेणार होते. कायम नोकरी. जोडीदाराच्या आईनं हे ऐकलं आणि ती माझ्याच पाया पडायला लागली. म्हणाली, "बाबा, येवढं व्हऊ दे. पोरींची लग्नं व्हतील." मी लाजून मागं सरकलो.

मॅचला दीड महिना होता. जोडीदारानं ठरवलं, वेग पाहिजे. खेडवळ पोरांना कोण बघतंय, वेग दिसला तरच डोळ्यांत भरू. आणि वेग तर त्याला गवसला होता. पळत यायचं क्रिकेटसारखं, आणि सोडताना हात आणायचा बेसबॉलसारखा. आई शप्पत, चेंडू दिसायचा नाही! आमच्या टीममधले बॅट घेऊन उभे राहायला घाबरायला लागले. बाभळीखालचा लेग अंपायर बिडी विझवून टाळ्या वाजवायचा. जोडीदाराला वाटलं, आपण लई मोठी विद्या शिकलो.

कीपर बॉलरच्या तोंडासमोर असतो. मला पहिल्याच दिवशी दिसलं. हात वर येताना कोपर बाहेर निघायचं आणि सोडताना झटक्यात सरळ व्हायचं. पीटीचे सर आठवले. मी बोललो नाही.

का बोललो नाही? तीसेक वर्षं मी स्वतःला निरनिराळी कारणं दिली. तिथं कोण एवढं बघणार. त्याचा आनंद कशाला मोडा. ही सगळी थापेबाजी. खरं असं होतं, की त्याच्या त्या वेगावर बॅटच्या कडा लागायच्या आणि मी डावीकडं-उजवीकडं झेपा टाकून झेल घ्यायचो. हळू बॉलिंगला कीपर दिसत नाही हो. त्या दोन जागांतली एक मला पाहिजे होती, आणि ती त्याच्या वाकड्या कोपरातून मिळणार होती. अकरा एकरवाल्या मला.

दरम्यान साहेबानं तीन बोअर घेतले. तिन्हींतून नुसता फुफाटा निघाला. गाडी दुसऱ्या गावाला गेली. जाताना साहेबानं पांढरा चेंडू जोडीदाराला दिला.

मॅचच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं नगरला गेलो आणि तिथून चालत नागापूर. जोडीदारानं बहिणीनं धुतलेला पांढरा सदरा घातला होता. मैदानावर पिच म्हणून काथ्याची चटई अंथरलेली, खुर्च्यांवर साहेब लोक, आणि पांढऱ्या कोटातले दोन अंपायर. दुसरा बाभळीखाली नव्हता. तो बॅट्समनच्या बाजूला, ऐन उन्हात, सरळ बॉलरच्या हाताकडं बघत उभा होता.

पहिला चेंडू बॅटची कड घेऊन आला, मी उजवीकडं झेप टाकून धरला. खुर्च्यांवरून "वा!" आलं. त्यातच आवाज आला, "नो-बॉल." बाजूच्या अंपायरचा.

जोडीदारानं खाली पायाकडं बघितलं. त्याला वाटलं, रेघ ओलांडली. तो परत गेला, पावलं मोजली, टाचेनं नवी खूण केली. दुसरा चेंडू. नो-बॉल. आता तो रेघेच्या वीतभर मागून टाकायला लागला. नो-बॉल. मग हातभर मागून. नो-बॉल. प्रत्येक वेळी तो वाकून आपलं पाऊल बघायचा, आणि पाऊल तर केवढं मागं! खुर्च्यांवरचे लोक हसायला लागले. मी एवढ्या अंतरावरून ओरडून सांगू शकत होतो, पाय नाही, कोपर. मी ग्लोव्हज नीट करत राहिलो.

शेवटी तो अंपायर चालत त्याच्यापाशी गेला. भला माणूस होता. त्यानं जोडीदाराचा हात धरला, वर नेला, कोपर दाबून सरळ केलं आणि सांगितलं. जोडीदारानं माझ्याकडं बघितलं. मग स्टंपांपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "व्हय का रं? वाकतोय का माजा हात?"

मी म्हणालो, "मला न्हाई दिसलं."

त्यानं मान हलवली आणि परत गेला. त्यानंतर त्यानं सरळ हातानं टाकायचा प्रयत्न केला. पण तो जुना हात आता राहिलाच नव्हता. दीड महिन्यात त्याचं अंग ते विसरलं होतं. चेंडू आपटबार पडायचे, एकामागून एक चौकार गेले, आणि तीन ओव्हरनंतर कॅप्टननं चेंडू काढून घेतला. संध्याकाळी दोन नावं वाचली. एक नगरचा बॅट्समन, दुसरा मी.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. कापडात बांधून आणलेली मिलोची भाकरी त्यानं निम्मी मला दिली. म्हणाला, "जाऊ दे. तू तरी लागलास." मी ती भाकरी खाल्ली.

मी तेहतीस वर्षं नोकरी केली. घर बांधलं. तो तलावाच्या कामावर राहिला, ते संपल्यावर रस्त्याच्या, मग खडीच्या मशीनवर, मग ऊसतोडीला श्रीगोंद्याकडं. एका बहिणीचं लग्न झालं, एकीचं झालंच नाही. मी गावी गेलो की त्याला टाळायचो. लांबून दिसला तर गल्ली बदलायचो.

रिटायर झाल्यावर मात्र मला राहवेना. मुद्दाम त्याच्या घरी गेलो. ओट्यावर बसला होता. उजवं कोपर आता सरळ होतच नव्हतं, हातोडा आणि कोयता चालवून तसंच आखडून गेलेलं. कोनाड्यात साहेबाचा तो चेंडू होता, काळा पडलेला. मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल, एक ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. अंपायरनं हात धरला तवा सगळी मान्सं माज्याकडं बघत हुती. तू तेवडा ग्लोव्हजकडं बघत हुतास."

म्हणजे भाकरी दिली तेव्हा त्याला माहीत होतं. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस. तो कोपर चोळायला लागला.

"बोलून काय हुनार हुतं? पन दीड म्हैना हुता की रं. तू येकदा म्हनला असतास, हात सरळ ठेव, तर मी ठेवला असता."

मग त्यानं आत हाक मारून दोन चहा सांगितले. चहा आला. मी कप उचलला आणि न पिताच परत खाली ठेवला.