टेबलाखालचे साहेब

बुटाच्या पॉलिशचा वास आला की बालाघाटच्या आमच्या कार्यालयातली ती व्हिडिओ बैठक आठवते. जिल्ह्याची सरकारी धान खरेदी मागे पडली होती आणि त्या दिवशी भोपाळचे वरिष्ठ आमच्या साहेबांचं निलंबन करणार, हे सगळेच धरून चालले होते. फुटबॉलमध्ये पेनल्टीआधी खेळाडू बुटाची नाडी आवळून मन स्थिर करतो, तुम्हीही करा, असं ताण घालवण्याच्या सरकारी प्रशिक्षणात एका भारदस्त प्रशिक्षकाने साहेबांना नुकतंच शिकवलं होतं. बालाघाटचं नाव पुकारलं जाणार तोच साहेब ताज्या पॉलिशच्या बुटाची नाडी आवळायला टेबलाखाली वाकले. पडद्यावर नुसती खुर्ची उरली. "बालाघाट कट गया शायद, अगला जिला," भोपाळहून आवाज आला. "आली का आपली पाळी?" साहेबांनी खालून विचारलं. "आली अन् गेली बी, साहेब," मी पुटपुटलो, "आता वर येऊ नोका." पुढच्या बैठकीपर्यंत खरेदी पूर्ण झाली; तेव्हापासून अशा प्रशिक्षणांची थट्टा मी जरा जपूनच करतो.