हौदा नसलेली गाडी

भावाच्या कंपनीची वेबसाइट तयार होते आहे. तिच्यावर 'आमचा इतिहास' असं एक पान हवं, ते मी लिहून द्यावं, असा त्याचा निरोप आला. मी नेरच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात. गोड गोड दोन परिच्छेद लिहून पाठवलेही. पण त्यात जे लिहिलं नाही, ते काही केल्या मनातून जात नाही.

कंपनी म्हणजे आर्णीच्या पुढं, आमच्या तांड्याच्या कडेला असलेलं टिनाचं शेड. बा, म्हणजे आमचे वडील, आर्णीच्या एका गॅरेजात मेकॅनिक होता. त्यानं लिलावातली मोडकी जीप आणली, मागचा भाग कापला, चाकं उंच केली आणि माल ठेवायला लोखंडी हौदा बसवला. परतीच्या पावसात आमच्याकडची काळी माती बैलाचाही पाय सोडत नाही. नाल्यापलीकडच्या वावरात वेचलेला कापूस तिथंच भिजायचा, तो ही गाडी घरी आणू लागली. मग लोक आपल्यालाही तशीच गाडी मागायला आले. त्या गाड्यांनी खत नेलं, तूर आणली, अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बाला त्याचा भारी अभिमान. आमच्यात नवरी सासरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहून निरोपाचं रडगाणं गाते, त्याला हवेली म्हणतात. माझ्या लग्नात बैल मिळत होता, पण बा हट्टाला पेटला. मी त्याच्या गाडीच्या हौद्यात उभी राहून गायले. सासरची माणसं खुदुखुदु हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि बाच्याकडे पाहून भरूनही आलं.

पुढं गावोगाव ट्रॅक्टर आले, पिकअप आल्या आणि बाच्या गाडीला कोणी विचारेना. तोवर धाकटा भाऊ इंजिनियर होऊन आला होता. शहरातले लोक चिखलात गाडी घालायला पैसे मोजतात, हे त्यानं पाहिलं होतं. आम्ही ज्या चिखलातून जन्मभर बाहेर पडायला धडपडलो, त्यात हौसेनं जाणारी माणसं! त्यांच्यासाठी हलकी बग्गी काढायची, पाइपांचा पिंजरा, दोन सीटा, पट्टे, बस. बा म्हणाला, हौदा नाही ती गाडीच नाही. पहिल्या दोन बग्ग्यांना त्यानं भावाच्या नकळत मागं हौदा जोडला. मागवणाऱ्या फार्महाऊसवाल्यानं त्या परत पाठवल्या. बाप-लेकांत महिनाभर बोलणं नव्हतं.

शेवटी बाच नमला. उमरखेडकडच्या एका रिसॉर्टला बग्ग्या गेल्या तेव्हा भाऊ आम्हा दोघांना तिथं घेऊन गेला. मुद्दाम पाणी सोडून केलेला गोल चिखल होता. पोरं ओरडत फेऱ्या मारत होती. बा कुंपणाला धरून बराच वेळ पाहत राहिला.

"कुठी जातेत हे?" त्यानं विचारलं.

"कुठीच नाही बा. येथूनच निघतेत, येथीच येतेत," भाऊ म्हणाला.

बा हसला नाही, रागावलाही नाही. मला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. त्यानंतर तो शेडमध्ये गेला नाही. दिवसभर अंगणात खाटेवर बसायचा. कंपनीला मात्र बरकत आली. जुन्या हौद्याच्या गाड्या भंगारात गेल्या, त्यांची जागा रंगीत बग्ग्यांनी घेतली. भाऊ वाईट नाही. त्यानं घर चालवलं, तांड्यातल्या चारजणांना काम दिलं.

गेल्या भादव्यात मी माहेरी असताना सकाळी बाचं अर्धं अंग लुळं पडलं. नाल्याला पाणी होतं. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्याच्या फाट्यावर थांबली, पुढं येईना. तांड्यातला एकुलता एक ट्रॅक्टर नेमका आर्णीला गेला होता. दोघांतिघांनी खाट उचलून पाहिली, तर गुडघाभर चिखलात पाय निघेना. शेडमध्ये गिऱ्हाइकासाठी तयार असलेली एकच बग्गी उभी होती. नाला तिला काहीच नव्हता. पण आजारी माणूस आडवा ठेवायला तिच्यात वीतभर जागा नव्हती.

आम्ही बाला सीटवर बसवलं. मान राहीना, म्हणून छातीवरून पट्टा आवळला. दुसऱ्या सीटवर भाऊ बसला. मला कुठं बसायचं ते कळेना. पिंजऱ्याला लटकू म्हटलं, तर भाऊ ओरडला, तू पडशील. गाडी नाल्यात उतरली, सहज पलीकडे चढली. प्रत्येक गचक्याला बाचं डोकं पुढं पडताना मला इकडून दिसत होतं.

थोड्या वेळानं भावाचा फोन आला. ॲम्ब्युलन्सवाल्यानं पट्टा सोडला तेव्हा बा गेलेला होता. भाऊ रडत नव्हता, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"बाई, माह्ये दोनी हात स्टेरिंगवर होते. त्याची मान धराले कोणीच नोतं."